बारकीची दुरुस्तीगाडी

माझ्या नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात. ती साठ वर्षांची आहे आणि अंगानंही काही बारीक नाही, पण दोघा भावंडांत धाकटी, म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव कायमचं राहिलं. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या कवळ्या केल्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. डॉक्टर पुढे माणसाच्या तोंडात बघायचे, बारकी मागे त्याच तोंडाच्या प्लास्टरच्या साच्यात बघायची. रस्त्यात कुणी तिच्याकडे बघून हसलं की ती मला कोपरानं ढोसून सांगायची, "वरची पूर्ण, खालची अर्धी. माझीच आहे."

तिनं लग्न केलं नाही. ती आणि माझ्या सासूबाई आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली राहतात. सासरे मी पाहिलेले नाहीत. ते रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होते. रूळ उचलायचे, खडी भरायची, रुळांखालचे सडलेले लाकडी स्लीपर बदलायचे. गँग कामाच्या जागीच मुक्काम करायची, त्यामुळे ते तीन आठवड्यांतून दोन दिवस घरी येत. एकदा तापानं घरी आले आणि परत गेलेच नाहीत. बारकी तेव्हा अकरा वर्षांची होती, माझा नवरा सतरा. तीन आठवड्यांतून दोन दिवस, या हिशेबानं दोघांच्या वाट्याला बाप किती आला असेल, ते तुम्हीच बघा. घरात त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात त्यांना मिशी नाही आणि फोटोवाल्यानं गाल इतके रंगवलेत की चेहरा बाहुल्यासारखा दिसतो.

तर बारकीच्या निवृत्तीआधीच्या वर्षातली ही गोष्ट. एका म्हाताऱ्या घड्याळदुरुस्तीवाल्याची कवळी तीनदा करूनही बसेना. चौथ्या वेळी ती स्वतः कानस घेऊन पुढे आली आणि त्याच्यासमोर उभं राहून केसभर इथून, केसभर तिथून असं घासत बसली. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. कवळी बसली, तसा पहिलं वाक्य हे बोलला, "बाई, तुम्ही एकास सत्त्याऐंशीत काम कराल का?"

"कशात?" बारकी म्हणाली.

त्यांचा एक क्लब होता. छापखान्याच्या वरच्या खोलीत नऊ बाप्ये मिळून छोटी रेल्वे चालवत. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. खरा डबा बारा मीटरचा, तर यांचा चौदा सेंटिमीटरला जरा कमी. माणूस दोन सेंटिमीटर. खोलीभर घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, त्यावर डोंगर, बोगदे, तीन स्टेशनं. खाली छपाई सुरू झाली की वर डोंगर थरथरत आणि त्यांची भुकटी गळत असे. क्लबात सगळे त्या म्हाताऱ्याला घड्याळजी म्हणत. घड्याळजींनी मोठ्या अभिमानानं सगळं दाखवलं. "आमच्याकडे एकवीस वाघिणी आहेत," मालडब्यांकडे बोट करत ते म्हणाले, "पण बाई एकही नाही."

बारकीनं टेबलाला एक फेरी मारली. चकचकीत इंजिनं पाहिली, पडदे लावलेले प्रवासी डबे पाहिले. मग विचारलं, "आणि रूळ तुटला तर कोण येतं?"

 एक जण म्हणाला, "आमच्याकडे रूळ तुटत नाही."

"मग ही रेल्वे कसली?" बारकी म्हणाली.

अशी ती क्लबात शिरली. दुरुस्तीगाडीचे डबे दुकानात तयार मिळत नव्हते. मिळाले असते तरी तिनं घेतले नसते. जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या दवाखान्यात ढिगानं होत्या. त्यांच्या दोन-दोन मिलिमीटरच्या फळ्या तिनं कापल्या. वाकडे दात सरळ करायच्या तारेतून क्रेनचे दोर आले, आकडा आला. खडीच्या वाघिणीला तिनं पोटाखाली उघडणारी दारं केली, आणि ती मिटावीत म्हणून दातांच्या तारांमधली इवलीशी स्प्रिंग बसवली. पहिल्या वाघिणीचा सांगाडा तिनं हाताशी होता त्या हिरडीच्या गुलाबी प्लास्टिकचा ओतला. घड्याळजी तो बघून म्हणाले, "बाई, ही वाघीण हसते आहे." मग तिला करडा रंग दिला. अवजारांच्या डब्यात सेंटिमीटरभर लांबीची फावडी आणि पहारी टांगल्या. आठ महिने गेले. आम्ही कौतुक केलं, वर्तमानपत्रात तळाशी चार ओळी आल्या. सगळं सुरळीत होतं.

गोंधळ झाला तो झोपायच्या डब्यामुळं.

दुरुस्तीगाडी म्हणजे गँगला राहायला डबा हवाच. बारकी म्हणाली, हा मला कुणाला विचारावा लागणार नाही, माझ्या डोळ्यांसमोर आहे. सात वर्षांची असताना बाबांनी तिला एकदा गँगच्या मुक्कामावर नेलं होतं. डब्याच्या टोकाला दार, त्याला लोखंडी तीन पायऱ्या, आत दोन्ही बाजूंना मिळून सहा फळ्यांच्या खाटा, डाव्या कोपऱ्यात शेगडी, आतून हिरवा रंग. तिनं तो डबा दोन महिन्यांत केला. छत काढता यायचं आणि आत बघितलं तर प्रत्येक खाटेवर घडी केलेलं, नखाएवढं घोंगडं होतं. रविवारी दुपारी चहाला ती तो रुमालात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आली.

माझ्या नवऱ्यानं चष्मा लावला, डबा हातात घेतला, फिरवला. "छान आहे. कुठला हा?"

"कुठला म्हणजे? बाबांचा."

"बाबांचा नाही. बाबांच्या डब्याला दार मधे होतं. सरकतं, मालडब्यासारखं. आणि खाटा चार."

"दादा, मी आत बसले होते!"

"मी आत जेवलोय. दहा वर्षांचा होतो मी, तुझ्यासारखा सातचा नव्हतो. आणि हिरवा कसला? आत पिवळा होता, तेलकट पिवळा."

सासूबाई बिस्कीट चहात बुडवून खात होत्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, "डबा कसला घेऊन बसलात? ते तंबूत राहायचे."

दोन्ही भावंडं एकदम बोलायला लागली. मी कप उचलले. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मिटेल.

मिटलं नाही. नवरा म्हणे, ती हट्टी आहे. बारकी म्हणे, दादाला काल काय जेवला ते आठवत नाही. मी जिन्यानं वरून खाली आणि खालून वर निरोप नेत होते आणि प्रत्येक मजल्यावर मला त्या मजल्याचं पटत होतं. वर असले की सरकतं दार, खाली गेले की तीन पायऱ्या. म्हटलं, दोघांचंही बरोबर असेल, डबा बदलला असेल मधल्या तीन वर्षांत. दोघांनीही ते उडवून लावलं. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

पण हळूहळू बारकीच डळमळायला लागली. एक दिवस मी खाली गेले तर ती डब्याच्या तीनपैकी एक पायरी काढून बसली होती. "वहिनी, तीन होत्या की दोन? बाबांनी मला उचलून वर ठेवलं होतं. मग मी पायऱ्या मोजल्या कधी?" दुसऱ्या दिवशी तिनं ती पायरी पुन्हा डाख देऊन लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा काढली. हिरव्या रंगाचंही तसंच. आधी म्हणाली हिरवा, मग म्हणाली हिरवं बाहेर होतं, खिडकीतून दिसणारं गवत. कवळी करताना तिच्यासमोर माणसाच्या जबड्याचा साचा असायचा, इथे साचाच नव्हता. चाळीस वर्षांत मी तिला पहिल्यांदाच हात मांडीवर ठेवून नुसतं बसलेलं पाहिलं.

मग तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दवाखान्यामागच्या फरशीच्या अंगणात तिनं खडूनं डबा आखला. खऱ्या मापाचा, बारा मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद. दोन्ही दारं आखली, टोकाचंही आणि मधलंही. खाटा आखल्या. मग मला म्हणाली, "दादाला घेऊन ये."

तो कुरकुरत आला. दवाखान्यातल्या नर्स खिडकीत जमल्या होत्या. "झोप," बारकी म्हणाली.

"इथे? फरशीवर?"

"तुझ्या खाटेवर. तू जेवलास ना तिथे? मग झोप."

सहासष्ट वर्षांचा माझा नवरा, इस्त्रीच्या शर्टात, खडूच्या चौकोनात आडवा झाला. आधी तो हसत होता, मग हसायचा थांबला. बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझे पाय रेषेच्या बाहेर जातात."

"म्हणजे खाट लांब हवी," बारकी म्हणाली. "बाबा तुझ्यापेक्षा उंच होते."

तो उठून बसला. "उंच? बाबा माझ्या खांद्याला लागायचे."

"दादा, बाबा दारातून वाकून यायचे."

"दार बुटकं होतं!"

"कुठलं दार?"

 इतके दिवस भांडण डब्यावरून होतं. आता ते माणसावर येऊन ठेपलं होतं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर मी भीती पाहिली. नर्सनी खिडकी लावून घेतली. मीच मग नवऱ्याच्या पाठीवरचा खडू झटकला आणि दोघांना घरी घेऊन आले. 

घड्याळजींना हे कळलं तेव्हा त्यांनी रस्ता काढला. रेल्वेच्या कारखान्यातला एक निवृत्त सुतार त्यांच्या माहितीत होता. तासाभराच्या अंतरावरच्या गावात लेकीकडे राहायचा. तो सांगेल म्हणाले, सगळे डबे त्याच्याच हाताखालून गेलेत. आम्ही तिघं बसनं गेलो. भावंडं दोन वेगळ्या सीटवर आणि मी मधल्या वाटेत उभी, कारण कुणाशेजारी बसले असते तरी दुसऱ्याला राग आला असता.

सुतार नव्वदीला टेकलेला होता. एका कानानं ऐकू येत नव्हतं, पण बारकीचा डबा हातात घेतल्यावर त्याचा अंगठा फळ्यांवरून असा फिरला की आम्ही तिघं त्या अंगठ्याकडेच बघत राहिलो. "काम चांगलं आहे," तो म्हणाला.

"पण हा बरोबर आहे का?" बारकीनं त्याच्या चांगल्या कानात विचारलं. "गँगचा डबा असाच असायचा?"

"गँगचा डबा असा काही नसतोच."

"म्हणजे?"

"म्हणजे नकाशा नसायचा. मोडीत निघालेला प्रवासी डबा आला की त्याची बाकं काढायची, खाटा ठोकायच्या. मालडबा आला की त्याला खिडकी कापायची. जे येईल ते. मी साठ-सत्तर केले असतील, एकासारखा दुसरा नाही. रंग जो उरला असेल तो."

माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. "मग तीन वर्षांत बदलला असेल एखादा?"

सुतारानं मान हलवली. "एकदा दिला की पंधरा वर्षं बघायचं नाही. गँग बदलली असेल माणसानं, तर मला माहीत नाही. तुमच्या वडिलांची गँग कितवी?"

"सात," नवरा म्हणाला.

"सतरा," बारकी म्हणाली.

सुतारानं लेकीला हाक मारली आणि एक पत्र्याची पेटी आणायला सांगितली. तिच्यातून त्यानं पोस्टकार्डाएवढा एक फोटो काढला. एका डब्यापुढे अकरा माणसं. डब्यावर खडूनं आकडा लिहिलेला. सात स्पष्ट होता. त्याच्या आधी एक उभी रेघ होती, ती एकचा आकडा होता की फळीची फट, ते कळत नव्हतं. आणि डबा? त्याला टोकालाही दार होतं आणि मधेही होतं. खिडकी दोघांनीही सांगितली नव्हती अशा ठिकाणी.

पण डब्याकडे कुणी फार वेळ बघितलंच नाही. बारकीचं बोट झटकन फोटोवर आलं. "हे बाबा." डावीकडून दुसरा, पहार धरून उभा.

नवऱ्याचं बोटही त्याच वेळी आलं होतं. दुसऱ्या टोकाला. उकिडवा बसलेला, टोपीवाला.

मी फोटो हातात घेतला. अकराही जणांना तीच जाड मिशी, तोच कोट, उन्हानं तसेच बारीक झालेले डोळे. मी तर सासऱ्यांना कधी बघितलेलंच नव्हतं. पण खरं सांगते, मला त्या क्षणी तिसऱ्याच एका माणसात माझ्या नवऱ्याची जिवणी दिसली. मी फोटो तसाच परत दिला. आणखी एक बाप वाढवून काय करायचं होतं?

सुतारानं फोटो आठ दिवसांच्या बोलीवर दिला. परतीच्या बसमध्ये मात्र दोघं एका सीटवर बसली, फोटो मधे धरून.

सासूबाईंनी भिंग मागितलं. खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतली. त्यांनी डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा पाहिला, मग उजवीकडून डावीकडे. आम्ही तिघं खुर्चीमागे उभे. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"कोण आहेत बाबा, आई?" बारकीनं विचारलं.

"मला सगळेच तुझे बाबा वाटतात."

"आई, नीट बघ ना."

"नीटच बघितलं. अगं, सगळ्यांना एकाच ताग्यातले कोट, सगळ्यांच्या तोंडावर तीच काजळी. तीन आठवड्यांनी ते दारात उभे राहायचे ना, तेव्हा मीसुद्धा आधी बघत राहायचे, कोण आलंय म्हणून. साबणानं तोंड धुतलं की मग ओळख पटायची." त्यांनी भिंग पुन्हा फोटोवर धरलं. "यांनी कुणीच तोंड धुतलेलं नाही."

नवरा तसाच खाली, जमिनीवर बसला. बारकी आधी हसली आणि मग तिला रडू फुटलं. सासूबाईंना कळेना यांना झालंय काय. "मी काय वाईट बोलले?" त्या मला विचारत होत्या. 

त्यानंतर चार दिवसांनी बारकीनं भावाला बोलावून घेतलं. टेबलावर कोरा कागद होता. "तुझा डबा सांग," ती म्हणाली. "मधे बोलणार नाही."

तिनं वचन पाळलं. तो सांगत गेला, ती काढत गेली. सरकतं दार, चार खाटा, पिवळा रंग. दर मंगळवारी तो खाली जायला लागला. आधी नुसता बघायचा, मग फळ्या घासायला लागला. एकदा डाख देताना बोट भाजून घेतलं आणि ते बक्षीस मिळाल्यासारखं मला दाखवायला आला. त्याच्या डब्यानंतर फोटोतला दोन दारांचा डबा झाला. सासूबाईंसाठी तिनं एक उघडी सपाट वाघीण केली आणि तिच्यावर गुंडाळलेले तंबू रचले, खरं कापड मेणात बुडवून. शेवटी तिनं अकरा माणसं केली. साचा एकच, त्यातून मेणाची अकरा ओतली, हातपाय गरम करून वाकवले, फोटोतल्यासारखी काही उभी, काही उकिडवी केली, पहारी-टोप्या दिल्या. मिश्या रंगवायचं काम भावाकडे होतं.

क्लबाच्या प्रदर्शनाला आम्ही सासूबाईंना खुर्चीत बसवून जिना चढवला. छापखाना त्या दिवशी बंद होता, डोंगर स्थिर होते. दुरुस्तीगाडी बोगद्यातून बाहेर आली. क्रेन, खडीची वाघीण, अवजारांचा डबा, मग हिरवा डबा, पिवळा डबा, दोन दारांचा डबा आणि शेवटी तंबू. दुसऱ्याच फेरीत माझ्या नवऱ्याचा डबा सांध्यावर रुळावरून उतरला, कारण हलका होता. तो लाजेनं लाल झाला. बारकीनं खिशातून शिशाचा तुकडा काढला, डब्याच्या पोटात चिकटवला आणि गाडी पुन्हा निघाली.

लोक येत होते. एका बाईंनी विचारलं, "यातला खरा कुठला?"  नवरा म्हणाला, "आम्हालाही कळलेलं नाही." त्या बाईंना ते उत्तर पटलं असावं, कारण त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, माझे काका गँगमध्ये होते, त्यांच्या डब्याला म्हणे छतावर चिमणी होती. बारकीनं लगेच कागद घेतला. दुपारपर्यंत असे तिघं जण येऊन गेले. तिघांच्या डब्यांत काहीही एकसारखं नव्हतं.

संध्याकाळी सामान आवरताना घड्याळजी ओरडले, "माणसं दहाच आहेत!" टेबलाखाली शोधलं, बोगद्यात हात घालून शोधलं. नवऱ्यानं झाडूसुद्धा फिरवला. सासूबाई खुर्चीत शांत बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून.

बारकी त्यांच्यासमोर वाकली. "आई, तू घेतलंस?"

"घेतलं."

"कुठलं?"

"माझं."

भावंडं टेबलाकडे धावली. नाहीसा झालेला पहारवाला की टोपीवाला, हे तिथून कळायला हवं होतं. पण दिवसभरात पोराटोरांनी माणसं इकडची तिकडे केली होती. टोप्या गळल्या होत्या, पहारी खडीत पडल्या होत्या, आणि सगळी एकाच साच्यातली. दोघं वाकून वाकून दहांकडे बघत राहिली. नवरा एकाला चिमट्यानं उचलून उजेडात धरायचा, बारकी मान हलवायची, मग तिनं उचललेल्याला तो मान हलवायचा.

"चला आता," सासूबाई म्हणाल्या. "जिन्यात अंधार व्हायच्या आत मला खाली न्या."